लॅपटॉप स्लो झालाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर आणि दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) यांचे भाव आज एक तर महिन्याने भलतेच असतात.

१. लॅपटॉप खूप स्लो झालाय. नेमकं काय बिघडलंय ते घरच्या घरी कसं ओळखू?

काही डाउनलोड करायच्या आधी, फॉरमॅट मारायच्या आधी आणि आमच्याकडे यायच्याही आधी एक काम करा. लॅपटॉप अडकलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने दिसतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के लिहिलेले असतात. कोणता आकडा ९० च्या पुढे ठाण मांडून बसलाय ते पाहा. दोन-चार सेकंद वर जाऊन खाली येणारा आकडा सोडून द्या, तो कामाचाच भाग आहे.

डिस्कचा आकडा असा असेल तर प्रश्न २ पाहा, मेमरी असेल तर प्रश्न ४. सीपीयू असेल तर त्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात खादाड प्रोग्राम वर येईल, मग प्रश्न १० आणि १३ वाचा. तिन्ही आकडे शांत आहेत आणि तरीही लॅपटॉप रखडतोय, तर प्रश्न ११ आणि १५ वर जा. स्क्रीनचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. ‘स्लो आहे’ एवढंच सांगणाऱ्यापेक्षा हा फोटो दाखवणाऱ्याचं काम कुठल्याही दुकानात लवकर होतं.

२. डिस्क सतत १०० टक्के दाखवते. मी तर नुसतं वर्ड उघडलंय!

टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्सवर जाऊन डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते बघा. एचडीडी असेल तर तुमचं बहुतेक उत्तर तिथेच मिळालं.

एचडीडी म्हणजे फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई. लॅपटॉपमधली साधारण तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत थांबायचं, मग सुई दुसरीकडे न्यायची, पुन्हा थांबायचं. या हिशेबाने सेकंदाला शंभरसुद्धा वेगवेगळे तुकडे वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागते. त्यात अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्चची सूची बनवणारा प्रोग्राम हे तिघे एकाच वेळी रांगेत घुसले की वर्डचा नंबर लागतच नाही. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं.

इंटरनेटवर सांगतात तसं सिसमेन नावाची (नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी) सेवा बंद करून किंवा सर्चची सूची थांबवून थोडा श्वास मिळतो, नाही असं नाही. पण ते पंक्चर टायरमध्ये रोज सकाळी हवा भरण्यासारखं आहे. सात-आठ वर्षं जुन्या, तबकडीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर एसएसडी बसवा. आमच्याकडे ‘आता नवीनच घ्यावा’ म्हणून आलेले कित्येक लॅपटॉप एवढ्यावर परत कामाला लागलेत.

एसएसडी असूनही डिस्क १०० टक्के राहत असेल तर प्रश्न ८, १५ आणि १७ वाचा.

३. माझ्या लॅपटॉपला कोणता एसएसडी बसेल?

तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत): आकाराने जुन्या हार्ड डिस्कसारखाच, तिच्याच जागी बसणारा. याचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. दुसरा आणि तिसरा दोन्ही एम-डॉट-टू पट्टीच्या रूपात येतात, पण एक आतून साटाच असतो आणि दुसरा एनव्हीएमई. एनव्हीएमई ही नवी जोडणी सेकंदाला ३५०० एमबी किंवा त्याहून जास्त वेग देऊ शकते. पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा आणि एनव्हीएमईला एक असते. मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य सर्किटवरची) जागा दोन्ही प्रकार घेईलच असं नाही. म्हणून लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा, नुसती कंपनी सांगून भागत नाही. पट्टीची लांबीही बघावी लागते. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

जुन्या लॅपटॉपला साटाच बसत असेल तर मनाला लावून घेऊ नका. तबकडीवरून साटावर येताना जो फरक जाणवतो, तसा साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही.

आणि एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅग करणारे (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणारे) प्रोग्राम वापरू नका. त्याची देखभाल विंडोज स्वतः करते.

४. ४ जीबी रॅम आहे. ८ केली तर फास्ट होईल का?

मेमरीचा आकडा ८५-९० च्या वर राहत असेल तर होईल. ५० वर असेल तर पैसे घालू नका. आज विंडोज ११ आणि क्रोमच्या चार टॅबमध्येच ४ जीबी संपते. रॅम संपली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. डिस्क तबकडीची असेल तर ही ने-आण म्हणजे निव्वळ छळ. त्यामुळे ४ जीबी आणि एचडीडी अशी जोडी असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कही १०० टक्क्यांजवळ दिसते आणि माणसाची दिशाभूल होते.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केल्यावर किती स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) वापरात आहेत ते दिसतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असू शकते, तिथे वाढवायला जागाच नसते. दुसरं म्हणजे पिढी. डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. खाचाही वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी जात नाही. जोर लावून बसवायला गेलात तर मात्र स्लॉट जातो.

५. ८ जीबी रॅमचे पैसे दिले, पण लॅपटॉप ५.९ जीबी वापरण्याजोगी दाखवतो. फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणारा भाग मुख्य रॅममधूनच आपला वाटा काढून ठेवतो. काही मॉडेलमध्ये हा वाटा २ जीबी असतो आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तो कमी करता येतो. आकडा ४ च्याही खाली दिसत असेल तर कारण ३२ बिटची विंडोज असू शकतं. ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, मग तुम्ही १६ बसवा की ३२. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे विंडोज किती बिटची ते लिहिलेलं असतं.

६. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. एकदा चालू झाला की ठीक चालतो.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अ‍ॅप्स उघडा. प्रिंटरचा मदतनीस, गेमचे लाँचर, मीटिंगची दोन-तीन अ‍ॅप, मोबाइल जोडायचं कुठलंसं जुनं सॉफ्टवेअर, सगळे तिथे बसलेले सापडतील. राइट क्लिक करून डिसेबल करा. याने प्रोग्राम उडत नाही, फक्त न बोलावता येणं बंद होतं. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नोंदी राहू द्या. एवढं करूनही तीन मिनिटांच्या वर लागत असतील तर प्रश्न २.

७. मी रोज शटडाउन करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये १९ दिवस चालू असल्याचं दिसतं. हे कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण विचारणाऱ्याने खरंच नीट पाहिलेलं असतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तुम्ही शटडाउन म्हणता तेव्हा ती तुमचे प्रोग्राम बंद करते, पण विंडोजचा गाभा तसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. त्यामुळे आदल्या आठवड्यात अडकलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) आजही अडकलेलाच उठतो. रीस्टार्ट मात्र सगळं मुळापासून नव्याने सुरू करतं. ‘बंद करून चालू केला, फरक नाही’ म्हणणाऱ्या माणसाला आम्ही फोनवरच रीस्टार्ट करायला लावतो आणि बऱ्याचदा काम तिथेच संपतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

८. सी ड्राइव्ह लाल झालाय. काय उडवू?

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज उघडा. टेम्पररी फाइल्समध्ये जुन्या विंडोजची प्रत आणि अपडेटचा उरलेला कचरा मिळून २०-३० जीबीसुद्धा निघतात. मात्र त्या यादीत डाउनलोड्सचाही चौकोन असतो. तिथे टिकमार्क लावण्याआधी फोल्डर उघडून बघा. एका काकांचे सातबारा आणि फेरफार तिथेच होते. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग, मोबाइलचे बॅकअप हे बाहेरच्या डिस्कवर हलवा. विंडोज नावाच्या फोल्डरमध्ये हात घालू नका.

पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असावी. एसएसडीला नवीन लिहिण्याआधी जुने कप्पे पुसून तयार ठेवावे लागतात. जागाच नसेल तर ते काम ऐनवेळी होतं आणि चांगला एसएसडीही रखडू लागतो.

९. माझं डीटीपीचं काम आहे. सॉफ्टवेअर उघडायलाच दोन मिनिटं लागतात, बाकी सगळं फास्ट आहे.

फॉन्ट मोजा. पत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंक करणाऱ्यांकडे जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट, त्यांचे भाऊबंद आणि कुणीतरी पेनड्राइव्हमधून दिलेला ‘सगळे फॉन्ट’चा संच असं सगळं एकत्र बसवलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या एका मशीनमध्ये हजाराच्या वर फॉन्ट होते, त्यातले रोजचे जेमतेम तीस. डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू होताना ही सगळी वरात तपासतं. नेहमीचे ठेवा, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून काढून टाका आणि जुनं काम उघडायचं असेल तेव्हाच बसवा. पण कॉपी केल्याशिवाय एकही काढू नका. तो फॉन्ट नसला तर दहा वर्षांपूर्वीची पत्रिका उघडेल, पण वाचता येणार नाही.

१०. सकाळी छान चालतो, दुपारी मान टाकतो. असं का?

तापतो म्हणून. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीत ४० च्या वर पारा जातो, चंद्रपूरला ४५ ओलांडतो. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा वेग सकाळी ३ गिगाहर्ट्झ आणि दुपारी १ च्या खाली दिसला तर खात्री झाली समजा.

गादीवर, उशीवर ठेवू नका. हवा खालून आत येते. दोन-तीन वर्षांत एकदा आतून साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसातून आलेल्या एका लॅपटॉपच्या पंख्यामागून सुताचा अख्खा नमदा निघाला होता. मालक रॅम वाढवायला आले होते. घरी ब्लोअर मारणार असाल तर पंखा काडीने धरून ठेवा, हवेच्या जोराने भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी साफ करून घेताना पंख्यासोबत गंजही बघायला सांगावं.

११. चार्जर लावला की स्लो, काढला की फास्ट. किंवा उलटं. याचं काय?

काढल्यावर स्लो होत असेल तर ते बॅटरी वाचवणं आहे. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेऊन पाहा.

लावल्यावर स्लो होत असेल तर चार्जरवर संशय घ्या. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा किंवा ‘चालतोय की’ म्हणून घेतलेला डुप्लिकेट चार्जर लावला, तर काही मॉडेल चार्जर ओळखत नाहीत आणि प्रोसेसर ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर बांधून ठेवतात. सीपीयू, मेमरी, डिस्क सगळं शांत आणि तरी माउससुद्धा ओढत चाललाय, अशा वेळी हे सगळ्यात आधी तपासा. मरत आलेल्या बॅटरीनेही असंच होऊ शकतं. टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर वेगाचा विचार सोडा, चार्जर काढा आणि फुगलेली बॅटरी लगेच बदलून घ्या. तिला टोचू किंवा दाबू नका, ती पेटू शकते.

१२. फक्त इंटरनेटवरच स्लो वाटतो.

वायफाय बंद करून वर्ड, फोटो, फोल्डर उघडा. ते झटपट उघडले तर दोष लॅपटॉपचा नाही. राउटरची २.४ गिगाहर्ट्झ लाइन शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांशी भांडत असते. ५ गिगाहर्ट्झवर जोडून पाहा, मात्र ती दोन भिंतींपलीकडे फारशी पोचत नाही.

नेट ठीक असेल तर ब्राउझर तपासा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किती मेमरी खातंय ते दिसतं. कूपन शोधणारी, पीडीएफ बनवणारी, आपण कधी बसवली तेच न आठवणारी एक्स्टेन्शन काढून टाका.

१३. कोणता क्लीनर किंवा अँटिव्हायरस टाकू म्हणजे फास्ट होईल?

कुठलाच नाही. रजिस्ट्री साफ करणारे, रॅम मोकळी करणारे आणि ड्रायव्हर अपडेट करणारे प्रोग्राम यांनी फास्ट झालेला एकही लॅपटॉप मी पाहिलेला नाही. त्यांच्यामुळे बिघडलेले रोज पाहतो. घरगुती वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. वेगळा अँटिव्हायरस घेतलाच असेल तर एकच ठेवा. दोन असले की प्रत्येक फाइल दोघं तपासतात.

सीपीयू विनाकारण भरलेला राहत असेल आणि विंडोज किंवा एखादं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून घेतलेलं असेल, तर त्या क्रॅकसोबत पाहुणा आला असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी खणणारे प्रोग्राम असेच येतात. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, नाहीतर सरळ प्रश्न १६.

१४. स्क्रीनवर ‘तुमचा लॅपटॉप हॅक झालाय, या नंबरवर फोन करा’ असं आलं आणि आवाज यायला लागला.

फोन करू नका. ते नुसतं वेबपेज असतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून ब्राउझर बंद करा. फोन करून कुणाला स्क्रीन दिली असेल तर नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

१५. मध्येच दहा सेकंद गोठतो, आतून टक-टक आवाज येतो, मग परत चालतो.

सगळं थांबवा आणि महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. आत्ता. ही डिस्क मरत असल्याची खूण आहे. आधी स्कॅन, आधी चेक डिस्क, आधी फॉरमॅट, असं काही करू नका. मरणाऱ्या डिस्कला तेवढी मेहनत झेपत नाही. फाइली निघाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसला तर डिस्क बदला. एसएसडी आवाज करत नाही, तो एक दिवस नुसता दिसेनासा होतो. म्हणून एसएसडीवाल्यांनी बॅकअपचा आळस अजिबात करू नये.

१६. फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं ना?

कचरा आणि व्हायरस असेल तर होतं. तबकडी, कमी रॅम किंवा धूळ असेल तर आठ दिवस बरं वाटतं आणि गाडी पुन्हा तिथेच. करणारच असाल तर आधी बिटलॉकर तपासा. नव्या लॅपटॉपमध्ये तुम्हाला न विचारता डिस्क कुलूपबंद झालेली असू शकते आणि बायोसमध्ये बदल केला की ती ४८ अंकी किल्ली मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण खातं दुकानदाराने त्याच्या ईमेलवर उघडून दिलं असेल, आणि हे आमच्याकडे सर्रास घडतं, तर किल्लीही त्याच्याचकडे. किल्ली नसेल तर डेटा गेला, मीही काढून देऊ शकत नाही.

१७. सहा महिन्यांपूर्वी नवा घेतला, तेव्हापासूनच स्लो आहे.

पहिले दोन-तीन दिवस अपडेट आणि सूची बनवण्यात जातात, ते सोडून द्या. नंतरही तसाच असेल तर डिस्कचा आकार बघा. ६४ जीबी लिहिलंय? मग तो बहुधा ईएमएमसी आहे, मदरबोर्डवर चिकटवलेली, मेमरी कार्डाच्या जातीची साठवण. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. असा लॅपटॉप ती अट पूर्ण करतो आणि तिथेच दमतो. मुलांच्या अभ्यासाला म्हणून स्वस्तात घेतलेल्यांत हे फार दिसतं. एम-डॉट-टूची मोकळी जागा असेल तर वाचला. नसेल तर एका वेळी एकच काम करत राहणं एवढाच उपाय.

१८. विंडोज १० वर आहे. ११ टाकलं तर फास्ट होईल का?

वेगासाठी टाकू नका, सुरक्षेसाठी टाका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर पळवाट काढून टाकून देणारे आहेत, पण पुढची मोठी अपडेट अडली की माणूस आमच्याकडे येतो.

१९. मग जुन्या लॅपटॉपचं काय? लिनक्स टाकू?

ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, लिहिणं एवढंच असेल तर जरूर. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर उठतं, ४ वर आरामात चालतं, आणि देवनागरी इनस्क्रिप्टने टाइप करता येतं. टॅली, डिजिटल सिग्नेचर किंवा प्रश्न ९ मधलं काम असेल तर नको. पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येतं. आधी वायफाय आणि प्रिंटर लागतो का ते तसं पाहून घ्या.

२०. एसएसडी, रॅम, साफसफाई, फॉरमॅट, सगळं झालं. तरीही स्लो!

टास्क मॅनेजरच्या यादीत ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ शोधा. ही ओळ एरवी एक टक्क्याच्या आतबाहेर असते. दहा-वीस टक्के खात असेल तर कुठलं तरी उपकरण प्रोसेसरला सारखं ढोसतंय. लॅपटॉपला लावलेलं सगळं एकेक करून काढा: डोंगल, हब, पेनड्राइव्ह, वेबकॅम. प्रत्येक वेळी तो आकडा बघा. आमच्याकडे दोनदा येऊन गेलेला, एसएसडीही घातलेला एक लॅपटॉप तिसऱ्यांदा आला, तेव्हा मालकांना घरची बॅगच घेऊन यायला सांगितलं. दोष निघाला तो पिनमध्ये पाणी गेलेल्या माउसमध्ये. आधीच्या दोन्ही वेळी ते तो घरी ठेवून आले होते.